सॉरी म्हणजे नेमकं काय? माफी, दुःख, दया की आणखी काही?

ओंजळ

माझे वडील गेले तेव्हा मी परदेशी लोकांच्या एका गटाबरोबर काम करत होते. रजा संपवून परत कामावर गेले त्या दिवशी एक वयस्क सहकारी बाई जवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, 'आय ॲम सो सॉरी.' मी चटकन बोलून गेले, 'नो, नो, इट इज नॉट युअर फॉल्ट.' त्यांना काय बोलावं ते सुचेना. क्षणभर थांबल्या, हात सोडला आणि जागेवर जाऊन बसल्या.

शाळेपासून इंग्रजी शिकलेली मी. व्याकरण पक्कं, वाचन भरपूर. पण 'सॉरी' या शब्दाचा अर्थ डोक्यात एकच बसला होता: माफ करा. त्यामुळे कुणी 'सॉरी' म्हटलं की मन लगेच चूक कुणाची ते शोधायला लागतं. त्या बाई माफी मागत नव्हत्याच. माझ्या दुःखाचं त्यांना वाईट वाटत होतं आणि ते त्या सांगत होत्या. हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

तेव्हापासून हा शब्द जिथे भेटेल तिथे मी थबकते. 'आय फील सॉरी फॉर हिम' यात दया आहे. 'यू विल बी सॉरी' ही चक्क धमकी. 'सॉरी?' असा शेवटी चढा सूर लावला की 'काय म्हणालात?' 'इन अ सॉरी स्टेट' म्हणजे दैना झालेली. एका शब्दाला इतक्या दिशांना कसे फाटे फुटले? की मुळात अर्थ एकच आहे आणि मला तो दिसत नाही?

जाणकारांनी लिहावं. आणि एक साधा प्रश्नही आहे: कुणी असं दुःखात 'सॉरी' म्हटलं, तर उत्तर काय द्यायचं?

टिपकागद

चांगला विषय काढलात. मी इंग्रजी शिकवतो. माझ्या मते गोंधळाचं पहिलं कारण व्याकरणात आहे. मराठीत आपण 'सॉरी' उद्गारासारखा वापरतो, 'अरेरे' किंवा 'शाबास' म्हणावं तसा. इंग्रजीत ते मुळात विशेषण आहे. 'आय ॲम हॅपी', 'आय ॲम टायर्ड', त्याच ओळीत 'आय ॲम सॉरी'. म्हणजे बोलणारा स्वतःच्या मनाची अवस्था सांगतोय. समोरच्याकडे तो काही मागत नाही.

आता 'मला माफ कर' हे वाक्य बघा. ते आज्ञार्थी आहे, क्रिया समोरच्याने करायची आहे. दोन वाक्यांचं तोंडच वेगवेगळ्या दिशांना आहे. मी वर्गात 'सॉरी'चा पहिला अर्थ 'मला वाईट वाटतंय' असा सांगतो, आणि का वाईट वाटतंय ते पुढच्या शब्दांतून शोधायला लावतो. स्वतःच्या वागण्याचं वाईट वाटत असेल तर ती माफी. दुसऱ्याच्या दुःखाचं वाटत असेल तर सहानुभूती. दुसऱ्याच्या अवस्थेचं वाटत असेल तर कीव. आपण घेतलेल्या निर्णयाचं वाटत असेल तर पश्चात्ताप. 'यू विल बी सॉरी' मधेही तेच आहे: पुढे तुलाच वाईट वाटेल.

सगळ्यात जास्त फसवतं ते 'फॉर'. 'आय ॲम सॉरी फॉर शाउटिंग' यात मी ओरडलो त्याची माफी आहे. 'आय ॲम सॉरी फॉर हर' यात तिची कीव आहे, तिची माफी मागितलेली नाही. विद्यार्थी हमखास दुसऱ्या वाक्याचा उलटा अर्थ लावतात. ज्याला दुखावलं त्या माणसाचा उल्लेख करायचा असेल तर 'आय अपॉलजाइज टू हर' म्हणावं लागतं.

पारवा

ओंजळ, 'मुळात अर्थ एकच आहे का' असं विचारलंत. आहे, आणि तो शब्दाच्या जन्मातच सापडतो.

सॉरी हा हजार वर्षांहून जुना, अस्सल इंग्रजी शब्द आहे. जुन्या इंग्रजीत 'सार' म्हणजे वेदना, ठणका. आजचा 'सोअर' त्याचाच वंशज, 'सोअर थ्रोट' मधला. त्या 'सार'वरून 'सारिग' हे विशेषण झालं: वेदनेने भरलेला, व्यथित. तोच घासत घासत 'सॉरी' झाला. म्हणजे शब्दशः अर्थ घ्यायचा तर 'मला दुखतंय'. हे दुखणं हळूहळू शरीराकडून मनाकडे आलं.

गंमत पुढे आहे. 'सॉरो' म्हणजे दुःख, आणि 'सॉरी' त्याच्यावरूनच आला असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण दोघे वेगवेगळ्या घरांतले. 'सॉरो'चं मूळ 'सोर्ग', आणि त्याचं जर्मन भावंड आज 'चिंता, काळजी' या अर्थाने नांदतंय. दोन शब्द दिसायला आणि अर्थाला इतके जवळ की शतकानुशतकं शेजारी राहून एकमेकांसारखे झाले. 'सॉरी'चा उच्चार 'सोअर'पासून दूर सरकला त्यात या शेजाऱ्याचा हात मानतात.

आणि 'सोअर'चा आणखी एक नातलग जर्मनमध्ये आहे. तिथला 'झेअर' म्हणजे 'फार, खूप', रोजच्या बोलण्यातला अगदी साधा शब्द. त्याचा जुना अर्थ होता 'वेदना होईल इतकं'. हे वाचलं तेव्हा मला आपलं 'भयंकर आवडलं' आठवलं. भय गेलं, फक्त 'खूप' उरलं. तसंच तिथे वेदना गेली.

'सॉरी स्टेट' मधला 'दयनीय, टाकाऊ' हा अर्थही जुनाच आहे. ज्याला बघून वाईट वाटतं ते सॉरी. 'सॉरिअर' आणि 'सॉरिएस्ट' ही रूपंही होतात, आणि ती बहुतेक याच अर्थाने भेटतात. शेक्सपिअरच्या नाटकातला मॅकबेथ राजाचा खून करून आल्यावर स्वतःच्या रक्ताळलेल्या हातांकडे बघतो आणि 'अ सॉरी साइट' म्हणतो. तो कुणाची माफी मागत नसतो, समोरचं दृश्य किती भीषण, केविलवाणं आहे ते सांगतो.

ओंजळ

पारवा, 'मला दुखतंय' हे वाचून दोन मिनिटं नुसती बसून राहिले. त्या बाई मला तेच सांगत होत्या.

मधली सुट्टी

जरा वेगळं मत मांडतो. इंग्रजीत मूळ काहीही असो, मराठीत आलेला 'सॉरी' हा आता मराठी शब्द आहे आणि त्याचा अर्थ माफी हाच आहे. शब्द दुसऱ्या भाषेत जातो तेव्हा सगळं बिऱ्हाड घेऊन जात नाही, एखादी पिशवी घेऊन जातो. आपण 'सॉरी म्हण' असं मुलांना सांगतो, 'त्याने सॉरी म्हटलं नाही' म्हणून रुसतो. कुणाच्या घरी कुणी वारलं तर तिथे आपण 'सॉरी' म्हणत नाही. म्हटलं तर विचित्र वाटेल, आणि ते बरोबरच आहे.

माझी तक्रार दुसरी आहे. या शब्दाने आपल्याकडची एक चांगली गोष्ट मागे पडली: 'चुकलं माझं'. त्यात चूक आहे, माझं आहे, आणि दोन्ही उच्चारावं लागतं. तोंडातून निघताना ते जड जातं, म्हणून त्याला किंमत. 'सॉरी' मध्ये चूक हा शब्दच नाही! धक्का लागला तरी सॉरी, फोन उचलला नाही तरी सॉरी, आणि वर्षानुवर्षं कुणाचं मन मोडलं तरी सॉरी. सगळ्याला एकच नाणं कसं चालेल?

टिपकागद

मधली सुट्टी, तुमच्या पहिल्या परिच्छेदाशी सहमत. दुसऱ्याबद्दल एवढंच म्हणेन की इंग्रजी माणसालाही हा फरक जाणवतो. म्हणून तर 'आय अपॉलजाइज' वेगळं आहे, 'इट वॉज माय फॉल्ट' वेगळं आहे. शिवाय नुसतं 'सॉरी' आणि पूर्ण 'आय ॲम सॉरी' यांचं वजन सारखं नाही. धक्का लागल्यावर पहिलं पुरतं. मन मोडल्यावर पहिलं म्हटलं तर तो अपमानच होईल.

जाता जाता छोटे वापर सांगून टाकतो. बोलता बोलता स्वतःची चूक दुरुस्त करताना: 'मंगळवारी, सॉरी, बुधवारी.' मतभेद मांडण्याआधी: 'सॉरी, बट आय डोन्ट ॲग्री.' नकार देताना 'सॉरी टू से'. आणि वाट मागताना. यात एक भेद आहे. अमेरिकेत गर्दीतून पुढे जाताना सहसा 'एक्स्क्यूज मी' ऐकू येतं, ब्रिटनमध्ये तिथेही 'सॉरी' सर्रास चालतं. ब्रिटिश माणूस तर पाय त्याचा तुडवला गेला तरी स्वतःच 'सॉरी' म्हणून मोकळा होतो.

रानवाट

धागा वाचून एक जुनं कोडं सुटलं. मी काही काळ नायजेरियन सहकाऱ्यांबरोबर काम केलं. मी जिन्यात अडखळलो की मागून कुणीतरी 'सॉरी!' म्हणायचं. हातातला पेन पडला की 'सॉरी!' मला वाटायचं, यांनी ढकललं की काय? एकदा विचारलंच. तो म्हणाला, तुला लागलं ना, मग मी काय म्हणायचं?

त्यांच्या योरुबा भाषेत अशा वेळी 'पेले' म्हणतात, आणि इंग्रजी बोलताना त्या जागी 'सॉरी' येतो. पुढे कळलं की केन्या-टांझानियाकडे स्वाहिलीतला 'पोले' तेच काम करतो आणि तिथल्या इंग्रजीतही 'सॉरी' असाच ऐकू येतो. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूसही या 'सॉरी'ने गोंधळतो. 'तू कशाला माफी मागतोस?' असं तेही विचारतात. म्हणजे ओंजळ, तुमच्या बाबतीत झालं ते ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांच्याही बाबतीत होतं.

पारव्यांनी सांगितलेल्या मूळ अर्थाच्या जास्त जवळ मला आफ्रिकेतला हा वापर वाटतो. तुला दुखलं, मला दुखलं.

दवबिंदू

मी रुग्णसेवेत आहे. आमच्याकडे हा शब्द फार जपून उच्चारला जातो, आणि त्याचं कारण या धाग्यातच आहे.

रुग्ण दगावला की आम्हाला त्याच्या नातेवाइकांजवळ 'आय ॲम सॉरी' म्हणावंसं वाटतं. ते मनापासूनचं असतं. पण ऐकणाऱ्याने त्याचा 'आमची चूक झाली' असा अर्थ घेतला तर? मग कोर्टात तेच वाक्य पुरावा म्हणून उभं राहील अशी भीती. या भीतीने जगभर डॉक्टरांना गप्प बसायला शिकवलं, आणि ज्या क्षणी माणसाला दोन शब्दांची सगळ्यात जास्त गरज असते त्याच क्षणी समोरचा दगडासारखा उभा राहू लागला. मी ते जवळून पाहिलंय. नातेवाइकांना मृत्यूपेक्षा त्या गप्प बसण्याचा राग जास्त काळ येत राहतो.

काही देशांनी यासाठी कायदे केले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८६ मध्येच असा कायदा केला की अपघातानंतर व्यक्त केलेली सहानुभूती दोषाची कबुली म्हणून वापरता येणार नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने २००६ मध्ये आणि ऑंटेरिओने २००९ मध्ये 'अपॉलजी ॲक्ट' आणला. त्यात 'मी सॉरी आहे' हे विधान स्पष्टपणे माफीच्या व्याख्येत घातलंय, त्या शब्दांत चूक कबूल केलेली असो वा नसो. इंग्लंड आणि वेल्सच्या २००६ च्या कायद्यातही माफी मागितली म्हणजे आपोआप निष्काळजीपणा मान्य केला असं होत नाही. एका शब्दाच्या दोन अर्थांत माणसं अडकू नयेत म्हणून विधिमंडळांना बसावं लागलं!

ओंजळ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: 'थँक यू' म्हणायचं. एवढंच. समोरच्याने काही दिलंय, ते घ्यायचं.

सांजवारा

दवबिंदू कोर्टाबद्दल बोलल्या, मी देशांबद्दल लिहितो. या एका शब्दावर दोन मोठी प्रकरणं घडली.

पहिलं २००१ चं. १ एप्रिलला दक्षिण चिनी समुद्रावर अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक गेला. अमेरिकी विमान कसंबसं हैनान बेटावर उतरलं आणि त्यातले २४ जण चीनच्या ताब्यात राहिले. चीनला हवी होती 'दाओच्येन', म्हणजे दोष पत्करून मागितलेली माफी. अमेरिका दोष पत्करायला तयार नव्हती. दहा दिवस घासाघीस झाली. शेवटी ११ एप्रिलला अमेरिकेने पत्र दिलं. त्यात 'व्हेरी सॉरी' दोनदा होतं: एकदा वैमानिकाच्या कुटुंबाच्या दुःखाबद्दल, एकदा तोंडी परवानगीशिवाय विमान उतरवल्याबद्दल. चीनने आपल्या लोकांना सांगितलं, माफी मागितली. अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितलं, आम्ही फक्त दुःख व्यक्त केलं. लोक सुटले. टिपकागद म्हणतात ती दोन तोंडं इथे कामाला आली. हाच शब्द एकाच अर्थाचा असता तर ते पत्र लिहिताच आलं नसतं.

दुसरं ऑस्ट्रेलियाचं, आणि ते मला जास्त भिडतं. साधारण १९१० ते १९७० या काळात तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं सरकारी धोरणाने आईबापांपासून तोडून नेली गेली. १९९७ मध्ये त्याचा चौकशी अहवाल संसदेत मांडला गेला आणि पुढच्या वर्षापासून २६ मे हा 'सॉरी डे' म्हणून पाळला जाऊ लागला. पण सरकारच्या तोंडून शब्द निघेना. १९९९ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी ठराव आणला, त्यात 'रिग्रेट' होतं, 'सॉरी' नव्हतं. २००० च्या मे महिन्यात सिडनीच्या पुलावरून प्रचंड मोर्चा गेला, तेव्हा वर आकाशात विमानाने धुराने एकच शब्द लिहिला: सॉरी. अखेर १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केव्हिन रड संसदेत उभे राहिले आणि म्हणाले, 'वी से सॉरी'.

यात आणखी एक पदर आहे. त्याच मूळ रहिवाशांच्या इंग्रजीत 'सॉरी बिझनेस' असा शब्द आहे. कुणी वारलं की त्यामागचे सगळे विधी, शोक, दुखवट्याचा काळ म्हणजे सॉरी बिझनेस. म्हणजे ते ज्या शब्दाची वाट बघत होते, तो त्यांच्याकडे शोकाचाही शब्द होता.

मधली सुट्टी

सांजवारा, हे वाचून माझं मत थोडं हललं. शब्द इतका हलका असता तर नऊ-दहा वर्षं कुणी त्याची वाट पाहिली नसती.

पण 'इफ'बद्दल बोलायलाच हवं. 'आय ॲम सॉरी इफ यू वेअर हर्ट.' तुम्हाला लागलं असेल तर. म्हणजे लागलं की नाही तेच मला मान्य नाही. आपल्या जाहीर निवेदनांतही हा साचा आता रुळलाय: 'कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास दिलगीर आहोत.' दुखावल्या कुणी, ते वाक्यात नाहीच. या 'असल्यास'ने माझा जीव जातो.

पारवा

'अपॉलजी'चं सांगायचं राहिलं, ते इथे जोडतो. तो ग्रीक शब्द, आणि त्याचा अर्थ होता स्वतःच्या बचावाचं भाषण. इसवी सन पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसने अथेन्सच्या न्यायालयात केलेलं भाषण याच नावाने ओळखलं जातं, आणि त्यात तो माफी अजिबात मागत नाही, उलट आपण बरोबर होतो हेच ठासून सांगतो. इंग्रजीत आला तेव्हाही 'अपॉलजी' आधी बचाव या अर्थानेच आला. म्हणजे 'अपॉलजी' बचावाकडून आली आणि 'सॉरी' दुखण्याकडून. मधली सुट्टी, तुम्ही म्हणता तो 'इफ'वाला माणूस तोंडाने 'सॉरी' म्हणतो पण करत असतो ती जुनी ग्रीक अपॉलजी.

अनुस्वार

मी सहसा फक्त वाचतो. आज एका शब्दासाठी लिहितोय, कारण तो मधली सुट्टी यांच्या हातात येऊन निसटला: दिलगीर.

हा फारसीतून आलेला. दिल म्हणजे मन, गीर म्हणजे धरलेलं, पकडलेलं. ज्याचं मन दुःखाने धरलंय तो दिलगीर. जुन्या मराठीत 'दिलगीर झाला' म्हणजे खिन्न झाला, उदास झाला. त्यात माफीचा मागमूसही नव्हता. पुढे 'दिलगिरी व्यक्त करणे' म्हणजे सौम्य माफी मागणे असा अर्थ रुळला, आणि आज ती सरकारी पत्रांत जाऊन बसली. 'कळविण्यास दिलगीर आहोत' मध्ये मात्र जुना अर्थ अजून जिवंत आहे. नकार कळवणारा तिथे माफी मागत नाही, त्याला वाईट वाटतंय एवढंच सांगतो.

बघा, 'सॉरी' ज्या वाटेने गेला तीच वाट. दुःखापासून निघून माफीपर्यंत. आपल्याकडचे बाकीचे शब्द वेगळ्या वाटांचे. 'क्षमा' संस्कृत, तिचा धातू सहन करण्याचा. माझं वागणं तुम्ही सोसून घ्या. 'माफ' अरबीतून आलेला, आणि आपण कर्जही माफ करतो, साराही माफ करतो. तिथे चूक म्हणजे देणं, आणि समोरच्याने ते सोडून द्यायचं. 'चुकलं' मध्ये वाट सुटली, रस्ता चुकला. या सगळ्यांत दुखण्याचा शब्द एकच, आणि तो आपण निवेदनांना देऊन टाकला.

टिपकागद

अनुस्वार, वा! इतकी वर्षं 'सॉरी'ला मराठीत प्रतिशब्द नाही असं वर्गात सांगत आलो. उद्यापासून 'दिलगीर'पासून सुरुवात करीन.

रानवाट

आणि 'अरेरे'! कुणी पडलं की आपण 'अरेरे, लागलं का?' म्हणतो. नायजेरियन मित्राला मी तेव्हा हे सांगायला हवं होतं.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि त्या बाईंना मेल लिहिली. त्या आता निवृत्त आहेत, पत्ता जुन्या यादीत सापडला. त्या दिवशी मी काय समजले ते लिहिलं, 'सोअर' आणि 'सॉरी'चं नातं लिहिलं, दिलगीरचा अर्थ समजावून सांगितला. शेवटी दवबिंदूंनी सांगितलेलं लिहिलं: थँक यू.

आज सकाळी उत्तर आलं. त्यांना तो दिवस आठवतोय. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की माझा हात धरून त्यांनीच काहीतरी चूक केली.